पूर्व भागासाठी एक माणूस

१२ जानेवारी २०२५, रविवार. सांगली

केरबातात्यांनी मला सांगलीला आणलं ते पिशवी धरायला. पिशवीत चष्मा, बीपीच्या गोळ्या, आणि बाहेरचं खात नाहीत म्हणून दोन भाकरी. पंप-मोटर कारागीर संघटनेचं वार्षिक संमेलन होतं, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांचं. तात्यांच्या लोणंदच्या दुकानात मी मोटरी भरायला शिकतोय त्याला सात महिने झाले. सात महिने एका जागी म्हणजे माझ्यासाठी विक्रमच. मी आलो होतो जेवणासाठी आणि आयर्विन पुलावर उभं राहून नदी बघण्यासाठी. भाषणं सुरू झाली की सटकायचं, असं ठरवलं होतं.

सटकलोच असतो. पण संघटनेच्या चिटणीस पूजा मॅडम उठल्या, टेबलावरची फुलदाणी त्यांनी खाली ठेवली आणि तिथं एक जळकी मोटर आणून ठेवली. स्वतः उचलून. दीड हॉर्सचीच, पण उचलताना कळतं.

“ही कोण भरेल?” त्यांनी विचारलं.

शंभरेक हात वर गेले.

“आणि कंपनीतून आली तशीच चालेल, याची खात्री कोण देईल?”

हात खाली आले. तात्यांचाही आला. तात्यांचा हात खाली येताना मी पहिल्यांदाच बघितला.

संध्याकाळी मायाला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोनवर समजावलं ते असं. मोटर जळली की आतली जळकी तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची. तार किती जाड आणि वेढे किती, हे जुळलं पाहिजे. वेढे कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर पाणी वर चढत नाही. जळक्या तारेचे वेढे मोजता येतात, पण मागच्या कारागिरानंच चुकीची भरली असेल तर आपण त्याची चूक मोजत बसतो. मूळ आकडे असतात जुन्या कारागिरांच्या वह्यांत. ती वही कुणी सख्ख्या भावालाही दाखवत नाही. आणि कारागीर गेला की वही रद्दीत. मॅडमनी आणलेली मोटर अशाच एका गेलेल्या माणसाच्या गावची होती.

म्हणून संघटनेला सात माणसं पाहिजेत. एकेकाला दोन तालुके. दुकानोदुकानी जायचं, म्हाताऱ्या कारागिरांशेजारी बसायचं, आकडे उतरवून घ्यायचे. पगार नाही, एसटीचं तिकीट तेवढं मिळेल. शिवाय प्रशिक्षण, मासिक, असल्या चार समित्यांतही जागा आहेत. अर्ज एक पानाचा, शेवटची तारीख ३१ जानेवारी.

माया म्हणाली, “फुकटचं काम, आन् त्याला अर्ज?”

खरंय. तरी मला ते पाहिजे. चोवीस वर्षांचा झालो, आजवर मला कुणी निवडलेलं नाही. मी जाऊन उभा राहिलो, त्यांनी ठेवून घेतलं, आणि कंटाळा आला तेव्हा मी निघालो. एवढंच माझं आजवरचं. पुलावर जायचं राहून गेलं. मसालेभात किती खाल्ला तेही आठवत नाही.

१५ जानेवारी. लोणंद

अर्ज लिहिला. झकास झालाय. “मला लहानपणापासून समाजसेवेची आवड असून संघटनेने सोपविलेले कोणतेही कार्य मी तन-मन-धनाने पार पाडीन.” पाचही कामांपुढं खूण केली, म्हणजे एक तरी लागेल.

तात्यांना दाखवला तेव्हा ते तार गुंडाळत होते. तात्यांचं मला फार नवल वाटतं. हँडल फिरवता फिरवता ते गिऱ्हाइकाशी भांडतात, चहा पितात, माझी अक्कल काढतात, पण मोजणी चुकत नाही. मी मोजताना कुणी शिंकलं तरी मला परत एकपासून सुरू करावं लागतं.

“सिद्ध्या, ह्यो अर्ज कुणाचा हाय?”

“माझा की, तात्या.”

“ह्यात तू कुठं हायस? ष्टेशनावरच्या कुठल्याबी माणसानं खाली सही केली तरी चालंल.”

“मग काय लिहू?”

“बत्तीस.”

“आँ?”

“तार तोड म्हणतोय, बत्तीस वेढं झालं. लिवायचं काय ते तुला ठावं.”

अर्ज खिशात ठेवला. मला अजूनही चांगलाच वाटतोय.

१९ जानेवारी. शिरवळ

अर्जात दोन माणसांची नावं द्यायची आहेत, आपल्याला ओळखणारी. वजनदार नाव पाहिजे म्हणून शिरवळला आलो. इथले एक पुढारी सगळ्यांना पत्रं देतात. लायनीत अडीच तास गेले. मध्ये एका कंपनीच्या आवारात क्रेननं अख्खी टाकी उचलत होते, ते बघायला गेलो आणि नंबर गेला, परत लायनीत. पण पत्र मिळालं. “श्री. सिद्धू हे माझ्या चांगल्या परिचयाचे असून…” साहेबांनी नाव विचारून घेतलं आणि लगेच चांगल्या परिचयाचा झालो.

२० जानेवारी. लोणंद

तात्या : “ह्यानं तुला कवा बघितलं?”

मी : “काल.”

तात्या : “काम करताना?”

मी : “लायनीत उभा ऱ्हायलेला.”

तात्यांनी पत्राची घडी घालून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली दिली. टेबल डुगडुगायचं थांबलं. मला राग आला, पण हसूही आलं.

मग म्हणाले, “ढालगावच्या तुझ्या जुन्या मालकाचं नाव घाल. दुसरं माझं.”

“तात्या, त्यानं मला हाकललाय!”

“हाकलला म्हंजे आधी बघितला आसंल की. फोन लाव.”

लावला. फोन तात्यांनी घेतला, मी नुसता उभा. पलीकडचं मला ऐकू येत होतं. ढालगावचा मालक म्हणाला, “पोरगं? आवं, भर हंगामात न सांगता पळालं बघा, परत आलं तवा हाकललं. पन एक हाय, त्यानं भरलेली मोटर परत आली न्हाई कवा.”

तात्यांनी तेच नाव लिहायला लावलं. माझा स्वतःचा अर्ज आणि त्यात मला पळपुटा म्हणणारा माणूस. पण तात्या सांगतात म्हणजे काहीतरी असेल.

२४ जानेवारी

संघटनेचं पत्रक परत वाचलं. आधी अर्धंच वाचलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलंय, एकाच कामासाठी अर्ज करावा. म्हणजे माझ्या पाच खुणा तशाच गेल्या असत्या तर मॅडमनी पुढं वाचलंच नसतं. वह्यांच्या कामाची तेवढी ठेवली, बाकी चार खोडल्या.

“या कामासाठी तुम्ही का योग्य आहात, उदाहरणासह लिहा.” यावर दोन दिवस अडलो. आज मायाचा फोन आला तेव्हा तिनं नेहमीची जपमाळ ओढली. शिरवळला गिअरची कंपनी, चार महिने. लोणंदला कांद्याचा बाजार, एक हंगाम. कवठे महांकाळला बेदाण्याचं शेड. जतला बोअरवेलची गाडी. ढालगाव. नागजला वायरमनच्या हाताखाली. “कुठं म्हणून टिकला न्हाईस,” ती म्हणाली. “आन् त्याआधी अप्पांच्या मेंढरांमागं फिरत हुतास. अख्ख्या पट्ट्यातल्या हिरी तुला ठावं, पन शाळेचं दार न्हाई.”

फोन स्पीकरवर होता. तात्या तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “माया, जरा सावकाश सांग. हे लिवतंय.”

मी लिहीत नव्हतो. मग लिहायला लागलो. दुकानांची नावं, गावं, मालक कोण, कुणाच्या शेतात मेंढरं बसायची, तिथं विहीर कसली, विहिरीवर मोटर कुठली. एक बाजू भरली. वाचून बघितलं तर लाज वाटली. हा अर्ज नाही, माझ्यावरचं आरोपपत्र आहे.

“तुम्हाला काय येत नाही?” या रकान्यात लिहिलं : एका जागी बसणे.

महिन्याला दिवस किती देऊ शकाल? आधी तीस लिहिलं होतं. तात्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर घेतला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. सहा केलं.

२९ जानेवारी, बुधवार. सांगली

पोस्टानं पाठवता आला असता, पण रेल्वेनं स्वतः आलो. ऑफिस म्हणजे पूजा मॅडमच्याच दुकानाची मागची खोली. मॅडम नव्हत्या. तिथल्या माणसानं अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. शिक्का बघून बरं वाटलं.

निघताना भिंतीवर यादी दिसली. “वही संकलन : आलेले अर्ज.” पहिलंच नाव केरबातात्यांचं.

तात्या एका शब्दानं बोलले नाहीत. माझा अर्ज चार वेळा लिहून घेतला आणि स्वतः त्याच जागेला उभे! आणि मी त्यांच्याविरुद्ध?

आमच्याकडं रीत आहे. सोसायटीच्या निवडणुकीत थोरल्यानं अर्ज भरला की धाकट्यानं माघार घ्यायची. थोरला बिनविरोध, धाकट्याला फेटा. आमच्या चुलत्यांनी दोनदा माघार घेतली, दोन्ही फेट्यांचे फोटो बाहेरच्या खोलीत आहेत. निवडून आल्याचा एकही नाही, पण गावात मान आहे.

तिथल्या तिथं कागद मागून घेतला आणि लिहिलं : “वडीलधाऱ्यांच्या सन्मानार्थ मी माझा अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे.” त्याच्यावरही शिक्का मारून मिळाला.

मग पुलावर गेलो. नदीला पाणी कमी होतं. खूप मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. पेढे घेतले.

३१ जानेवारी, शुक्रवार. लोणंद

काल तात्या फलटणला होते. आज सकाळी त्यांच्या पाया पडलो आणि पेढ्यांचा पुडा पुढं केला.

“कसलं रं?”

“तात्या, तुमी बिनविरोध. मी माघार घेतली.”

तात्यांच्या हातातलं हँडल थांबलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मध्येच थांबलं.

“बिनविरोध? आरं, ही काय सोसायटी हाय का साखर कारखाना? सात मानसं पायजेत. आलं किती? चार. तू गेलास, ऱ्हायलं तीन.”

“पर यादीत तुमचं नाव…”

“माझ्या नावाम्होरं काय लिवलं हुतं?”

“बघितलं न्हाई.”

“खंडाळा-फलटण लिवलं हुतं. आन् तुझ्या अर्जात?”

“कवठे महांकाळ-जत.”

“मग? ह्या गुडघ्यांनी मी जतला जाऊ व्हय वह्या लिवायला?” त्यांनी पुडा बाजूला सारला. “मान देतोय म्हनं! काम करायचं सोडून माघार घेतलीस, ह्यात माझा मान कुठं झाला? सांग की गड्या.”

किती वेढे झाले होते ते तात्यांना आठवेना. सगळी तार सोडून त्यांनी परत एकपासून सुरुवात केली. शिव्या परवडल्या असत्या.

दुपारी त्यांनी कपाटातून आपली वही काढली. मी आजवर तिचा फक्त पुठ्ठाच बघितला होता. गिऱ्हाइकांच्या समोर, उघडी, टेबलावर ठेवली आणि संघटनेच्या कोऱ्या फॉर्मवर पहिलं पान उतरवायला बसले. चाळीस वर्षं जपलेली वही. एक शेजारचा दुकानदार डोकावला तर म्हणाले, “बघ की, लाजतोस कशाला.” आज अर्जांची शेवटची तारीख होती. माझ्याकडं माघारीची पोच आहे.

३ फेब्रुवारी

धीर करून पूजा मॅडमना फोन केला. झालं ते सगळं सांगितलं, फेट्यासकट. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. नंतर तात्या म्हणाले, हसत असतील. मला नाही तसं वाटलं.

“मागे घेतलेला अर्ज परत लावता येत नाही, सिद्धू,” त्या म्हणाल्या. “नियम मीच केलाय.”

“व्हय मॅडम.”

“अर्ज वाचला मी. दोनदा. नागजच्या बाजूला जुने कारागीर कोण कोण उरलेत?”

मी सांगत सुटलो. कोण कुठं असतो, कुणाला ऐकू येत नाही, कुणाकडं सकाळी जावं आणि कुणाकडं चुकूनही सकाळी जाऊ नये. पंधरा मिनिटं गेली. मग भान आलं की त्यांचा वेळ खातोय. माफी मागून ठेवला. चांगल्या बाई आहेत. नाही म्हणायचं होतं तरी एवढा वेळ ऐकून घेतलं.

६ फेब्रुवारी

संघटनेच्या ग्रुपवर सूचना आली. “कवठे महांकाळ-जत या पूर्व भागासाठी एकही अर्ज शिल्लक नसल्याने मुदत १५ फेब्रुवारीपर्यंत वाढविण्यात येत आहे. नव्या अर्जासोबत त्या भागातील तीन जुन्या मोटरींचे मूळ आकडे, वहीच्या मालकाच्या संमतीसह जोडावेत.”

तीन मोटरींचे आकडे! कोण देतंय? ही अट बहुतेक माझ्यासारख्याला गाळायलाच घातलीय.

“तात्या, तुमच्या वहीतले तीन द्या की.”

“माझी वही लोणंदची. तुझ्या मुलखातलं आण.” आणि मग, तारेकडं बघत, “जा. दुकान मी बघतो. धा दिवस.”

९ फेब्रुवारी, रविवार. घाटनांद्रे

तीन दिवसांत चार कारागीर. एकानं चहा दिला, एकानं जेवायला घातलं, एकानं त्याच्या मुलाच्या लग्नाचा अल्बम दाखवला, तो मी पूर्ण बघितला. वही कुणीच नाही.

आज घाटनांद्र्याला आलो. इथले जोतिबा म्हणून कारागीर गेल्या वर्षी वारले. पूर्व भागातल्या कुठल्याही विहिरीवर त्यांचं नाव घेतलं की माणसं हात जोडतात. घरी त्यांच्या पत्नी बनुबाई एकट्याच. मी वहीचं नाव काढायच्या आधीच म्हणाल्या, “वही न्हाई मिळायची. पानी पी आन् जा.”

पाणी पिताना परसातल्या मोटरीचा आवाज आला. गुरगुरत होती. मला असलं काही ऐकलं की राहवत नाही. पाण्याचा तांब्या हातात तसाच, मी परसात.

“मावशी, ही बंद करा, जळंल.”

“तार गेली का बेअरिंग?” त्यांनी विचारलं. परीक्षा घेतात तसं.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला लावलं आणि मूठ कानाला. “बेअरिंग. मागलं.”

त्यांनी मोटर बंद केली. मी ढालगावला जाऊन बेअरिंग आणलं, बसवलं, दुपार झाली. हात धुतले तर समोर जेवणाचं ताट आणि ताटाशेजारी वही.

वही उघडली आणि काहीच कळेना. आकडे आहेत, पण शेजारी खुणा. कुठं चांदणी, कुठं फुली. शेतकऱ्याच्या नावाऐवजी चित्रं : एक झाड, दोन खडक, पायऱ्या. वार्निशचे डाग, फिकट पेन्सिल. फोटो काढून बघितला, नुसता धूसर.

“मावशी, जोतिबाकाकांची ही भाषा कुणाला वाचता येती?”

“त्येंची कुठली? त्येंला अक्षर येत नव्हतं.” त्या पहिल्यांदाच हसल्या. “ते बोलायचे, मी लिवायची. पस्तीस वर्सं. मी चौथी शिकल्याली. नावं लिवायला येळ लागायचा म्हनून हिरीचं चित्तार काढायची. चांदनी म्हंजे कंपनीची तार, कुनी हात न लावल्याली. फुली म्हंजे कुनीतरी आधी घान केल्याली, मग ह्यांनी चालवून बघून, तापवून बघून, बराबर आकडा काढल्याला.”

अख्खा पूर्व भाग ज्या माणसाला हात जोडतो, त्याची निम्मी अक्कल इथं चुलीपुढं बसून पेन्सिलनं लिहीत होती आणि कुणाला पत्ता नाही. मी पाया पडलो. त्या म्हणाल्या, “ऊठ, भाकरी गार व्हायली.”

तीन पानं त्यांनी वाचून दाखवली, मी लिहिली. संमतीच्या जागी त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

१४ फेब्रुवारी. लोणंद

नवा अर्ज पाठवला, मुदतीच्या एक दिवस आधी. चांदणी-फुलीचा अर्थ बनुबाईंच्या नावानं लिहिला. पाठवण्याआधी तात्यांनी हात पुसून वाचला, कागदाला तेल लागू नये म्हणून. मग तसाच परत दिला.

१८ फेब्रुवारी

मुलाखतीला बोलावलंय! रविवारी २३ तारखेला, अकरा वाजता, सांगली. पूर्व भागासाठी दोन अर्ज आहेत. दुसरा जतचा वीरधवल, आयटीआय पूर्ण केलेला, संगणक येणारा. संमेलनात त्यानं प्रश्न विचारला होता, असा नेमका की मॅडमनी लिहून घेतला. मला ओळीनं बोलताही येत नाही. तात्यांनी त्यांचा इस्त्रीचा शर्ट दिला. खांद्यात बसतो, पोटात दोन सिद्धू मावतील.

२१ फेब्रुवारी. घाटनांद्रे

काल बनुबाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा शिवतेज रविवारी संध्याकाळी त्यांना पिंपरीला न्यायला येतोय, सुनेला दिवस गेलेत, वर्षभर तरी तिकडंच. “वही मी संगं नेनार. लिवून घ्यायची आसंल तर ये.”

आलो. एकशे चाळीस पानं. त्या वाचतात, विहीर कुठली ते सांगतात, मी लिहितो. आज चाळीस झाली. हिशेब घातला. शनिवारी साठ. रविवारी उरतात चाळीस, आणि रविवारी मुलाखत.

२२ फेब्रुवारी

साठ ठरवली होती, पंचावन्न झाली. मध्ये मेंढरं जात होती, बघायला उठणार होतो. मग म्हटलं हे एक पान झाल्यावर उठू. मेंढरं कधी गेली कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहाला शर्ट घातला. पिशवी खांद्याला लावली. उंबऱ्यापर्यंत गेलो. बनुबाई वही घेऊन जात्याशेजारी बसल्या होत्या, चष्मा लावून.

“जा की. गाडी जाईल,” त्या म्हणाल्या.

“पंचेचाळीस पानं ऱ्हायलीत.”

“ऱ्हाऊ देत. निवडून आलास की ये पिंपरीला.”

पिंपरीला वही कुठल्या पेटीत जाईल, कोण काढून देईल? आणि बनुबाईंना तिथं नातवंडापुढं विहिरी आठवत बसायला वेळ मिळेल? मी पिशवी खाली ठेवली. शर्ट काढून खुंटीला लावला. परत माघारच, पण या वेळी फेटा बांधायलाही कुणी नाही, असं मनात आलं. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यात पाणी आलं.

अकराला फोन केला, हातात पेन होतं म्हणून स्पीकरवर.

“मॅडम, सिद्धू बोलतोय. मी येऊ शकत नाही. बनुबाई आज गाव सोडत्यात आणि अजून तीस पानं राहिलीत. वीरधवलला घ्या, तो हुशार आहे. मी हे लिहिलेलं आणून देतो.”

“वीरधवल इथंच बसलाय,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्यापुढं आत्ता कुठलं पान आहे?”

“एकशे अकरा.”

“वाचा.”

मला वाटलं त्यांना खरं वाटत नसावं. वाचलं. “पायऱ्यांची विहीर. पाच हॉर्स. छत्तीस खाचा, तार वीस गेज जाडीची, वेढे चव्वेचाळीस. फुली.”

“फुली का?”

“आधी कुणीतरी अडतीस भरलेले. तापायची.”

“चव्वेचाळीसच कशावरून?”

मी बनुबाईंकडं बघितलं. त्यांनी फोन ओढून घेतला. “मी सांगते बाई. आधी बेचाळीस भरलं, तरी घटकाभरात हात लावू देईना. मग चव्वेचाळीस. रातभर चालली, सकाळी मांजर तिच्यावर निजल्यालं. म्हनून चव्वेचाळीस.”

पलीकडं वीरधवल मोठ्यानं हसला, आणि मॅडमही. मग त्यांनी पुढचं पान वाचायला सांगितलं, मग त्याच्या पुढचं. दहा पानं झाली. वीरधवल तिकडं संगणकावर टाइप करत असावा, खटखट ऐकू येत होती. मध्येच तो म्हणाला, “दादा, जरा सावकाश.”

शेवटी मॅडमनी विचारलं, “बनुबाई, वहीवर नाव कुणाचं घालायचं?”

बनुबाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “त्येंचं घाला,” म्हणाल्या. थोड्या वेळानं, “आन् खाली माझं.”

मग मॅडम मला म्हणाल्या, “निकाल बुधवारी ग्रुपवर लावते. तोवर उरलेली पानं पूर्ण करा. आणि मंगळवारी डफळापूरला जा. तिथं दोन जुने कारागीर आहेत, त्यातल्या एकाला सकाळी भेटायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. पानं वीरधवलकडं पाठवत राहा, तो टाइप करेल.”

मुलाखतीबद्दल एक शब्द नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

साडेचारला शेवटचं पान झालं. शिवतेज पाचला आला, चांगला माणूस, वही त्यानं स्वतःच्या हातांनी साडीत गुंडाळली. गाडीत बसताना बनुबाई म्हणाल्या, “डफळापूरला दुपारची गाडी धर.”

आता नागजला मायाकडं आलोय. बुधवारी वीरधवलचंच नाव लागेल, तो माझ्याहून लायक आहे. पण मंगळवारी डफळापूरला जाऊनच येतो. ज्याची निवड होईल त्याला निदान दोन वह्या तरी तयार मिळतील.